बागेत पहिल्यांदा स्केचबुक घेऊन जाताय? एवढं सांभाळा

पहिल्या दिवशी अख्खी बाग बघायची नाही. बहुतेक नवखे इथेच थकतात: दोन तास पायपीट, शंभर फोटो आणि कागद कोराच. सकाळी उघडताच जा, सावलीतली जागा धरा (उन्हात पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात) आणि एकाच झाडापाशी अर्धा तास बसा. मन स्थिरावायला वेळ लागतोच, पहिली दहा मिनिटं नुसतं बघा.

सामान: ए-५ वही, एचबी आणि टूबी पेन्सिल, खोडरबर. रंग सध्या घरीच राहू देत. काचघरातल्या दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाहीत आणि कागदही फुगतो.

आधी फांदीवर पानं कशी लागलीत ते पाहा: समोरासमोर जोडीने, की एकाआड एक? हे चुकलं की चित्र कितीही सुबक असो, झाड ओळखू येत नाही.

सर्वांत जास्त बिघडतं ते आपल्याकडे वळलेलं पान. कडा आधी काढल्या की ते मोडल्यासारखं दिसतं. त्याऐवजी मधली शीर देठापासून टोकापर्यंत एका सलग रेषेत काढा, जिथे ती दुमडीमागे लपते तिथेही हलक्या हाताने. मग कडा बसवा. लपलेला भाग शेवटी खोडा.

फूल असेल तर तेच आधी काढा. ते तासाभरात उमलू किंवा मिटू शकतं, पानं थांबतात. काहीही तोडू नका, खाली पडलेलं पान सरावाला उत्तम. निघताना पाटीवरचं शास्त्रीय नाव आणि तारीख चित्राशेजारी लिहून ठेवा. छायाप्रकाशाचं पुढे बघू.