तिसऱ्या बोअरसाठी पाटल्या गहाण ठेवू नका

चाकणला नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. पारनेर तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर आहे, वडील ती कसतात. पगार हातात 48,000, घराचा हप्ता 14,500. एक एकर डाळिंब लावायचं मनात आहे. पाच वर्षांत दोन बोअर झाले. पहिला 320 फुटांवर कोरडा गेला. दुसरा 410 फूट, तो जानेवारीपर्यंत चालतो आणि मग मोटार नुसती हवा ओढते. आता पाणाड्याने बांधाच्या कोपऱ्यात जागा दाखवली आहे, तळहातावरचा नारळ तिथे उभा राहिला. 600 फुटांचं कोटेशन दोन लाखांचं. प्रश्न असा: मुलीच्या अकरावी-बारावीसाठी ठेवलेली साडेतीन लाखांची एफडी मोडू, पत्नीच्या पाटल्यांवर सोनेतारण करू, की सोसायटीचं पीककर्ज उचलू?

तिन्हींपैकी काहीच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नुसतं ‘नको’ म्हणून तुमचं शेत भिजणार नाही, म्हणून हिशोब मांडते.

तुमचं कोटेशन पुन्हा वाचा. पहिले 300 फूट 100 रुपये दराने, मग दर शंभर फुटांना 115, 135 आणि 160. खोदाई 71,000, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप) 14,000, म्हणजे भोक पडेपर्यंत 85,000. मोटार, केबल, पाइप, स्टार्टर मिळून 1,15,000. बोअर कोरडा गेला तर 85,000 त्याच रात्री गेले. तुम्ही याच नुकसानीला भिताय. मला मात्र अर्ध्या यशाची जास्त भीती वाटते. डिसेंबरात दोन इंची पाणी लागलं, तुम्ही आनंदाने मोटार सोडली, ठिबक अंथरलं, रोपं लावली आणि फेब्रुवारीत पाणी आटलं, तर दोन लाख जातात आणि वर बागही जाते. तुमच्या दुसऱ्या बोअरने हेच केलं, फक्त तेव्हा बाग नव्हती.

डाळिंबाचं पहिलं खरं उत्पन्न हातात यायला अडीच-तीन वर्षं जातात. तोवर प्रत्येक मे महिना निभवावा लागतो. किती पाण्याने? 14 बाय 10 फुटांवर लागवड धरली तर एकरी 311 झाडं. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला 45 लिटर धरा, म्हणजे रोजचे सुमारे 14,000 लिटर. वीज आठ तास धरली तर तासाला 1,750 होतात, थोडे जास्तीचे धरून बोअरने तासाला 2,000 लिटर द्यायला हवेत, तेही मे महिन्यात, सलग आठ तास. 200 लिटरचा ड्रम सहा मिनिटांत भरला पाहिजे, आणि आठव्या तासालाही सहाच मिनिटांत. बोअरची किंमत फुटावर ठरवू नका, या ड्रमावर ठरवा.

आता खोलीबद्दल. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, थरांवर थर. वर माती, मुरूम, मग कुठे मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, कुठे काळा पाषाण, मधेच गेरूचा तांबडा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. खाली एखादी भेग लागतेही, लागत नाही असं नाही. पण खोली दुप्पट केली म्हणून पाणी दुप्पट होत नाही, आणि खोल भेगेतलं पाणी उपसलं की ते भरून यायला वेळ लागतो. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 प्रमाणे 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि शेतीसाठी अशा खोदाईवर बंधनं आहेत. गावात सगळेच खोल जातात, हे मला माहीत आहे. तरी 600 फुटांच्या कोटेशनवर सही करताना तुम्हाला हे माहीत असायला हवं.

मी जामखेड तालुक्यात वाढले. 2013च्या दुष्काळात आमच्या रानात रात्री अकरा वाजता बोअरची गाडी लागली. वडील 200 फूट ठरवून आले होते. राखाडी भुकटी उडत होती, रॉडमागून रॉड आत जात होता, आणि दोनशेला ड्रायव्हर म्हणाला, “काका, पाषाण फुटत आलाय, अजून शंभर जाऊ द्या.” वडिलांनी मान हलवली. मग अजून शंभर. पहाटे 480 ला थांबले तेव्हा आमचे कपडे, केस, बैल, सगळं पांढरं झालं होतं आणि थेंब ओला नव्हता. आईच्या पाटल्या सुटल्या चार वर्षांनी. म्हणून सांगते, खरा आर्थिक निर्णय बँकेत होत नाही, तो गाडीजवळ उभं राहून मान हलवताना होतो. तो आकडा दिवसाउजेडी, घरात बसून, पत्नीसमोर लिहून ठेवायचा असतो.

पीककर्जाचं थोडक्यात. ते वर्षाच्या आत फेडायचं असतं आणि पिकासाठीच असतं. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. बोअरमध्ये घातलं तर फेडायला पीकच नसेल. सवलत जाईल आणि वडील या वयात थकबाकीदार ठरतील. एफडी तर तुमच्या घरची एकुलती एक गंगाजळी आहे, मुलीची फी पुढच्याच जूनमध्ये. तिला हात नको.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय: 45 फुटांच्या सामाईक विहिरीत आठ-नऊ फूट गाळ आहे आणि चुलतभाऊ निम्मा खर्च द्यायला तयार आहे. अहो, सुरुवात इथून करा! उन्हाळ्यात यारी (गाळ वर ओढणारी क्रेन) लावून गाळ काढा, तळाला मुरूम किंवा मांजऱ्या दिसला तर विहिरीच्या आतून बाजूला आडवे बोअर घेण्याचा विचार करा. किती हात पाणी राहतं आणि उपसल्यावर किती तासांत भरतं, हे वडिलांना दर आठवड्याला वहीत लिहायला सांगा. कुणी कधी पाणी उपसायचं त्या पाळीचा करारही आत्ताच कागदावर घ्या, पाणी वाढल्यावर भाऊबंदकीत ते अवघड जातं. खर्चाचा तुमचा हिस्सा दरमहा 6,000 बाजूला टाकून उभा करा, कर्ज काढून नको.

सोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात सर्वेक्षणासाठी अर्ज द्या. पाणाड्यावर वडिलांची श्रद्धा असेल तर त्यांना दुखवू नका, पण पैसा यंत्रणेच्या अहवालानंतरच सोडा. अहवाल अनुकूल आला तर 200 फुटांचा एक बोअर घ्या: 20,000 खोदाई, 14,000 केसिंग, एकूण 34,000. ही रक्कम बोनसमधून, गेली तर गेली अशा तयारीने. दोनशेला गाडी बंद. त्या रात्री तुम्ही स्वतः रानात हजर राहा, वडिलांना एकटं सोडू नका.

तुमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि पडलेल्या पावसाच्या हिशोबाने पिकं ठरवली, हे तुम्ही ऐकलं असेलच. एकट्या शेतकऱ्याला तेवढं शक्य नाही. पण यंदा एक एकराऐवजी अर्धा एकर डाळिंब लावणं तुमच्या हातात आहे. ठिबकचं अनुदान लहान शेतकऱ्याला 80 टक्क्यांपर्यंत मिळतं, तो अर्ज आधी करा. विहिरीने दोन उन्हाळे साथ दिली की उरलेला अर्धा एकर लावा. दुसऱ्या बोअरभोवती गाळणखड्डा करून पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गाळून आत सोडता येतं का, हेही सर्वेक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवून विचारा.

आणि पहिल्या, कोरड्या बोअरचं केसिंग काढून घेतलंय, तोंडावर फक्त फरशी ठेवलीय, असं तुम्ही लिहिलंय. लहान मूल ती फरशी सरकवू शकतं. हे उत्तर वाचून झालं की वडिलांना फोन करा. ते भोक माती-मुरमाने वरपर्यंत भरून घ्या, याच आठवड्यात.