प्लाझ्मामुळेच बाबा वाचले ना?

प्रश्न : डॉक्टर, 2020 मध्ये बाबांना कोविड झाला, ऑक्सिजनवर होते. दोन दिवस फोन करून करून मी कोविडमधून बरा झालेला डोनर शोधला, त्याच्या रक्तातल्या प्लाझ्माच्या (पेशी काढून उरणाऱ्या द्रवाच्या) दोन बॅगा चढवल्या आणि बाबा घरी आले. नंतर म्हणे प्लाझ्माचा उपयोगच नाही! डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं? आणि ट्रायलमध्ये औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात म्हणे, हा पेशंटवर अन्याय नाही का?
– एक मुलगी, सांगली

उत्तर : ताई, बाबा घरी आले हे वाचून खरंच बरं वाटलं. तुम्ही बघितलं ते खोटं नाहीच, पण तेच बाबा, तोच आजार आणि प्लाझ्मा दिलाच नाही तर काय झालं असतं, हे ना तुम्हाला दिसलं ना तुमच्या डॉक्टरांना.

ते बघायलाच आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) एप्रिल ते जुलै 2020 मध्ये देशातल्या 39 हॉस्पिटलांत प्लॅसिड ट्रायल घेतली. मध्यम आजारी असे 464 पेशंट, नेहमीची ट्रीटमेंट सगळ्यांनाच चालू, वरून प्लाझ्मा कोणाला ते मात्र चिठ्ठीवर. 235 जणांना मिळाला, त्यातले 34 गेले. 229 जणांना नाही मिळाला, त्यातले 31 गेले. म्हणजे प्लाझ्माशिवाय 198 जण वाचले, आणि त्यांच्या घरीही कोणी काढा दिला असेल, कोणी नवस बोललं असेल, त्यांनाही वाटत असेल की त्यानेच झालं. प्लाझ्मावाल्यांना सातव्या दिवशी धाप आणि थकवा जरा कमी होता हेही खरंय, पण जीव वाचण्यात फरक नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये तर 11 हजारांवर पेशंट होते, दोन्हीकडे मृत्यू 24 टक्केच.

चिठ्ठीच का, तर आपण निवडायला गेलो की गडबड होते. ज्याच्या घरी तुमच्यासारखी धावपळ करणारी मुलगी आहे आणि जो डोनर मिळेपर्यंत टिकलाय, त्यालाच प्लाझ्मा मिळणार, आणि जो त्याआधीच गेला तो आपोआप ‘प्लाझ्मा न मिळालेल्यांच्या’ यादीत जाणार. मग प्लाझ्मा भारी दिसणारच ना!

आणि अन्याय म्हणाल तर कशाने फायदा होतो हे कोणालाच माहीत नसताना, पेशंटची संमती घेऊन चिठ्ठी टाकण्यात मला तरी अन्याय दिसत नाही. त्याच रिकव्हरीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड असंच तपासलं, तर व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा नाही.

मला अन्याय दिसतो तो वेगळाच. प्लॅसिडचा निकाल ऑक्टोबर 2020 मध्येच छापून आला होता, तरी एप्रिल 2021 च्या लाटेत लोक रात्री-अपरात्री ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट’ असे स्टेटस टाकत पळत होते, आणि सरकारी गाइडलाइनमधून तो काढला गेला मे महिन्यात.