चुकलो तर कोणाच्या विहिरीत?

प्रिय पोरी,

कचऱ्याच्या भरावासाठी जागा निवडायची तुझी फाइल दोनदा वाचली. जागा 'अ' ला 71 गुण, 'ब' ला 68, आणि खाली पेन्सिलीनं, "सर, हा फरक खरा मानायचा का?" नको मानूस. वेटेज, म्हणजे कुठल्या निकषाला किती वजन, ते जरासं हलवून बघ, क्रम उलटेल. तू ते करून पाहिलंयस, म्हणूनच तर विचारतेयस.

नियमातली अंतरं चोख लावलीस. नदीपासून 100 मीटर, वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून 200. पण ही अंतरं सगळ्या देशाला एकच. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. अख्ख्या कातळातून पाणी फारसं जात नाही, ते भेगांतून जातं, आणि भेग काही 200 मीटरवर थांबत नाही. वरच्या मुरमातून तर पावसाळ्यात धावतंच. नकाशावर एवढी जमीन एका बोअरवरून हिरवी, म्हणजे सुरक्षित, रंगवलीस? कमाल आहे.

गुण नंतर. आधी लिही, आपण चुकलो तर कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी कोणाच्या विहिरीत जाईल? पुण्याशेजारच्या फुरसुंगीत कचरा टाकला, तिथल्या विहिरी बिघडल्या, लोक टँकरवर आले. कचरा मात्र आपल्या पेठांतला होता.

माझंही ऐक. एका जागेची पाहणी मी ऐन मे महिन्यात केली. विहिरीला पाणी अकरा मीटरवर. 'भूजल खोल' असं लिहून मोकळा झालो. सप्टेंबरात सहज तिकडून जात होतो, तर त्याच विहिरीवर एक बाई पायरीवर बसून, नुसती वाकून कळशी भरत होती. पाण्याची सर्वांत वरची पातळी भरावाच्या तळाच्या मातीच्या थराखाली किमान 2 मीटर हवी. मेचा आकडा काय चाटायचाय?

मुदत तीन आठवड्यांची होती, पावसाळ्यापर्यंत कोण थांबणार होतं? हे मी कित्येक वर्षं सांगत आलो आणि ते खोटं नाही. पण 'पावसानंतर पुन्हा मोजावे' एवढी ओळ घालायला मुदत आड येत नव्हती. साहेब वैतागतील म्हणून गाळली. तू गाळू नकोस, वैतागू देत.

मला विचारशील तर 'ब'. रस्ता लांबचा, खर्च जास्त, कबूल. पण तिथला उतार एकाच ओढ्याकडे जातो. खालच्या अंगाला पाणी तपासत राहायला चार निरीक्षण विहिरी घेतल्या, तर चूक वर्षा-दोन वर्षांत तरी दिसेल. 'अ' च्या तिन्ही बाजूंना वाड्या आहेत. तिथं चुकलो तर कोणाच्या विहिरीत, हेही सांगता येत नाही. अर्थात 'ब' बद्दल माझाही अंदाजच, मी तिथं उन्हाळ्यातच गेलोय.

तेव्हा श्रावणात जा. दोरीला दगड बांधून ने, टेपवर विसंबू नकोस, आणि ओढ्याकाठच्या म्हाताऱ्यांना विचार की कुठली विहीर आधी भरते. अहवाल राहू दे, आधी मला तो आकडा कळव.

तुझे सर