वाचकांचे प्रश्न : दूरच्या सोबत्यांना साथ कशी द्यावी?

प्रश्न : लष्करात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकलेल्या परदेशी तरुणांना पत्रं पाठवायचं आमच्या गटाने ठरवलंय. काय लिहावं? – वाचक, देवरुख

उत्तर : वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल ही 1921 सालची संघटना. 1 डिसेंबर हा दिवस ती 1956 पासून अशा कैद्यांसाठी पाळते आणि त्यांची नावं, तुरुंगाचे पत्ते प्रसिद्ध करते. यादी ताजी आहे ना, ते आधी बघा. कैदी सुटलेला किंवा दुसरीकडे हलवलेला असू शकतो. कार्ड उघडं न टाकता पाकिटात घाला, मागे स्वतःचं नाव-पत्ता लिहा. पत्र अधिकारी वाचणार असं धरूनच मजकूर लिहावा. तिथल्या सरकारला शिव्या नकोत, त्याच्या सोबत्यांची नावं नकोत. त्रास त्यालाच होतो. ‘तुम्ही केवढे शूर, आम्हाला नसतं जमलं’ हेही नको, त्याने माणूस आणखी एकटा पडतो. भातझोडणी कुठवर आली, तुमचा गट काय करतोय, मुलांनी काढलेलं होडीचं चित्र, असं काहीही चालेल. दहा सह्यांच्या एका पत्रापेक्षा दहा जणांची दहा पत्रं, तीही थोड्या थोड्या दिवसांनी गेलेली बरी: या माणसाची चौकशी करणारं कुणी आहे हे तुरुंगवाल्यांच्या पुनःपुन्हा लक्षात येतं. उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानात पकडले जातात. कराचीतला एक शांतता गट मदत करू म्हणतो. काय मागावं? – वाचक, डहाणू

उत्तर : माहिती मागा. माणूस कुठल्या तुरुंगात आहे, शिक्षा किती झाली, ती कधी संपते? 21 मे 2008 च्या करारानुसार दोन्ही देश 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटल्यावर महिन्याभरात सुटका, असं त्यात ठरलंय. घोडं अडतं ते या खात्रीपाशी. बोट गुजरातची, खलाशी पालघरचा, त्यामुळे त्याचे कागद इथूनच जावे लागतात. आणि तिकडे ऐकून लिहिलेलं नाव आधारवरच्या नावाशी जुळेलच असं नाही.

म्हणून प्रत्येक खलाशाचा एक पानी तक्ता करा: आधारवरचं नाव, हाकेचं नाव, वडिलांचं नाव, गाव-पाडा, पोलीस ठाणं, बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तांडेलाचं (बोटीवरच्या म्होरक्याचं) नाव, पकडल्याची तारीख. नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिलं जाईल तितक्या तऱ्हांनी लिहा. तांडेलाचं नाव गाळू नका. एका बोटीवरचे सगळे बहुधा एकत्रच पकडले जातात, तेव्हा तांडेल सापडला की बाकीच्यांचा माग लागतो. एक प्रत घरच्यांकडे, एक मत्स्यव्यवसाय खात्यात, एक गटाकडे. कराचीला पाठवायच्या प्रतीतून मात्र आधार क्रमांक आणि फोन नंबर काढा. कागदी टपालावर विसंबू नका. मे 2025 मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं टपाल थांबवलं.

आणि नुसतं मागत बसू नका. सिंधचे मच्छीमार गुजरातच्या तुरुंगांत असतात. त्यांचेही असेच तक्ते मागवा आणि गुजरातमधल्या एखाद्या वकिलाकडे द्या. 1994 पासून चालत आलेला पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी हा मंच दोन्हीकडे आहे, त्याच्यामार्फत गेलात तर नव्याने ओळखी काढाव्या लागणार नाहीत.

प्रश्न : 6 ऑगस्टला हिरोशिमाच्या मित्रांबरोबर एकाच वेळी खाडीत दिवे सोडायचेत. – वाचक, गुहागर

उत्तर : ‘एकाच वेळी’चा हट्ट सोडा. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, आणि बॉम्ब पडला ती सकाळी 8.15 ची वेळ म्हणजे आपली पहाट, 4.45. दोन्ही गटांनी आपापल्या 8.15 ला मिनिटभर स्तब्ध उभं राहावं. ऑनलाइन गप्पा 4 तारखेला उरका. 6 ला तिथली मंडळी मोतोयासु नदीवर दिव्यांच्या गडबडीत असतात.

दिव्याखाली थर्माकोल नको, केळीच्या खुंटाचा वीतभर तुकडा पुरतो. पाणी भरतीला थबकतं तेव्हाच सोडा. ओहोटी लागली की दिवे थेट दर्यात जातात आणि गोळा करता येत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला 3, अष्टमीला 6. पुढेमागे तासाभराचा फरक पडतो, तेव्हा तरीवाल्या नावाड्याला विचाराच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात किंवा वारा सुटला असेल तर दिवे देवळाच्या पडवीत लावा, ऑगस्टात तसंही बहुतेक वेळा तेच होतं.

प्रश्न : फ्रान्समधला अणुविरोधी गट आमच्या जैतापूरच्या कामाला देणगी देतोय. घ्यावी का? – वाचक, राजापूर

उत्तर : नाही. परकीय अंशदान कायदा 2010 प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर गटाला ती घेता येत नाही, रक्कम कितीही लहान असो. त्यापेक्षा तुमचं निवेदन त्यांनी फ्रेंचमध्ये करून, स्वतःच्या खर्चाने छापून तिथे वाटावं. जैतापूरच्या नियोजित अणुभट्ट्या फ्रेंच बनावटीच्या आहेत, तिथेच ते वाचलं गेलेलं जास्त उपयोगी. भाषांतर छापायच्या आधी आकडे मात्र तुम्ही तपासून द्या.