आधी धुऊन बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझा टी-शर्ट मिळाला. अंगणात नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पांढऱ्या छातीवर ‘आला पाऊस’ ही निळी अक्षरं उमटली, तेव्हा शेजारची पोरं आनंदाने ओरडली. कल्पना लोकांना आवडणार, यात मला शंका नाही. म्हणूनच सांगतो, तिरुपूरच्या कारखान्याला पाचशे नगांचा ॲडव्हान्स एवढ्यात देऊ नकोस.

शर्ट मी घरच्या मशीनला रोजच्या कपड्यांत, रोजच्याच पावडरीत लावला. चौथ्या धुण्यानंतर ‘ऊ’चं शेपूट कोरड्या कापडावरही दिसू लागलं. वरचा पांढरा थर सच्छिद्र असतो. भोकांत हवा असते तोवर तो पांढरा दिसतो, पाणी शिरलं की पारदर्शक होतो आणि खालची छपाई दिसते. असा थर घासला की झिजतो. छपाईवाल्याकडे बस, बाइंडर म्हणजे थर कापडाला धरून ठेवणारा पदार्थ बदलून, छपाई पक्की करायच्या भट्टीचं तापमान आणि वेळ बदलून चार-पाच तुकडे काढून घे. प्रत्येक तुकडा वीस वेळा धू.

१९९१ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या जनरा कंपनीने ‘हायपरकलर’ शर्ट आणले होते. अंगाच्या उबेने रंग बदलायचा. लोकांच्या उड्या पडल्या. पण गरम पाण्यात धुतला किंवा इस्त्री लागली की शर्टाची करामत संपायची. १९९२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं एकाहून जास्त होती, पण घरी नेलेला शर्ट धुण्यात टिकत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटतं. गिऱ्हाइकाने विश्वासाने घेतलेली वस्तू असते ती.

कापडाचंही तसंच. शर्टावर पेनाने २५ सेंटिमीटरचा चौकोन आख, धुऊन वाळव आणि पुन्हा मोज. २४ भरला तर ४ टक्के आटला. हे आटणं कापड बेतणाऱ्या मास्टरने पॅटर्नमध्येच धरलं पाहिजे. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तोंडी ऐकून घेऊ नकोस. १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून वजन कर, १.८ ग्रॅम भरली तर कापड १८० जीएसएमचं.

हे सगळं एका कागदावर उतरव: कापड, मापं, किती फरक चालेल, गळ्याच्या शिवणीपासून छपाई किती खाली. मी हे केलं नव्हतं. इचलकरंजीत सुरुवातीच्या काळात शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं, नमुना छान होता, पुढचं सगळं फोनवर ठरवलं. माल आला तो दुसऱ्याच लॉटच्या कापडाचा. पहिल्याच धुण्यात कॉलरचा लाल रंग पांढऱ्या शर्टांवर उतरला. पालक शर्ट हातात घेऊन शाळेत आले, त्यांचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही. भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून दोघांच्या सह्यांचा नमुना पिशवीत सील करून ठेवतो, एक कारखान्यात, एक माझ्याकडे. माल त्या नमुन्याशी ताडूनच घ्यायचा.

आणि शर्टाचा व्हिडिओ अजून कुठेही टाकू नकोस. आधी जगजाहीर झालेलं डिझाइन, डिझाइन कायदा २००० नुसार नवीन धरलं जात नाही. नोंदणी झाली तर १० वर्षं, पुढे आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. पण ते दिसण्याला, युक्तीला नाही. पाण्याने अक्षरं उमटवण्याची युक्ती छत्र्यांवर आधीच आलेली आहे, तेव्हा तुझी नक्षी तुझी असू दे. वकिलाला एकदा भेट.

पहिली खेप पन्नास नगांची इथेच कर. नग महाग पडेल, पडू दे. ट्रेकवाल्या मित्रांना दे आणि सांग, सॅकचे पट्टे लावून घाला, मग बघ पट्ट्याखालची छपाई काय म्हणते. घाम येतो तिथे अक्षरं कोरड्या दिवशीही उमटतील, ते चालेल का, हेही त्यांनाच विचार.

शर्टाचं अकरावं धुणं आज दोरीवर आहे. विसावं झालं की परत पाठवतो.

तुझा,
काका