पैसा, ओळख सगळं असून जिनिंगवाले शेठ विधानसभेला दोनदा का पडले?

आमच्याकडचे जिनिंगवाले (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मालक) शेठ म्हणताय ना, ते पैशाने नाही पडले भाऊ. जळगाव-धुळ्याकडं विधानसभा २०१९ ला ऑक्टोबरमधे अन २०२४ ला नोव्हेंबरमधे, म्हणजे ऐन कापूस घरात यायच्या टायमाला, अन तेव्हा शेठच्याच गेटवर ट्रॅक्टरची लाईन, आत माणूस कापसात हात घालून सांगतो ओलावा जास्ती आहे, क्विंटलमागं एवढे कापणार, अन संध्याकाळी तेच शेठ हात जोडून गावात, दादा लक्ष राहू द्या. कोण देईल मत? लोक चहा पितात, टोपी घालतात, बूथवर जाऊन दुसरंच बटण दाबतात.

दुसरं म्हणजे पगारी पोरांवर प्रचार चालत नाही. सोसायटी, दूध डेअरी, ग्रामपंचायत, बाजार समिती इथं वर्षानुवर्षे बसलेली माणसं लागतात, ती पक्षाकडं असतात. शेठ फॉर्म भरायच्या महिन्याभर आधी जागे होतात, तिकीट नाही भेटलं की अपक्ष.

अपक्ष येतच नाही असं पण नाही, २०१४ ला अमळनेरला नंदुरबारचे शिरीष चौधरी अपक्ष निवडून आलेच ना, २०१९ ला मात्र अनिल पाटलांनी पाडलं.

डिपॉझिटचं म्हणाल तर जनरलला १० हजार, अन पडलेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त नाही मिळाली की जप्त. ते शेठला काहीच नाही म्हणा, खरा खर्च जेवणावळी अन गाड्यांचा, त्याचा हिशोब मुनीमालाच माहीत 😄