कणभौतिकीतल्या एका संशोधकाच्या नावावर बाराशे शोधनिबंध कसे असू शकतात?

ज्या प्राध्यापकांकडे पीएच.डी. करण्याचा तुमचा विचार आहे, त्यांच्या नावावर बाराशे शोधनिबंध आणि १५० च्या वर एच-निर्देशांक (निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून, म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून, काढलेला आकडा) दिसतो, हे खरे मानावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि अध्यापकांच्या प्रकाशनसूची तपासणे हे माझे नित्याचे काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आकडा बहुधा खरा आहे. फक्त तो एका माणसाच्या लेखनाचा नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी प्रत्येकी हजाराहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. नवा सदस्य शोधकयंत्र किंवा संगणकप्रणालीवर साधारण वर्षभर नेमून दिलेले काम करतो, आणि त्यानंतर गटाच्या निबंधांवर त्याचे नाव लागते, मग एखादे विशिष्ट विश्लेषण त्याने स्वतः केलेले असो वा नसो. यात लबाडी नाही, कारण ते यंत्र उभे करून चालवणाऱ्यांवाचून एकही निष्कर्ष हाती आला नसता. हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा दोन्ही प्रयोगांनी मिळून २०१५ साली लिहिलेला निबंध मी एका विद्यार्थ्याला छापून दिला होता. एकूण ३३ पाने, लेखक पाच हजारांहून अधिक. नववे पान उलटल्यावर नुसती नावे आणि संस्थाच येत राहिल्या, तेव्हा तो बोट ठेवून थांबला आणि म्हणाला, "निबंध हांगाच सोंपलो?" (निबंध इथेच संपला?)

म्हणूनच ‘प्रथम लेखक किती निबंधांत?’ हा अर्जातला रकाना इथे निरर्थक ठरतो. अ‍ॅटलासची यादी आडनावांच्या रोमन वर्णक्रमाने लागते आणि आद हे आडनाव सहसा पहिले येते, त्यामुळे ‘आद व इतर’ हा उल्लेख सर्वत्र दिसतो. सीएमएसची यादी देशांच्या क्रमाने असते आणि आर्मेनिया पहिला येतो, म्हणून तिथे खाचात्र्यान, सिरुन्यान, तुमास्यान ही येरेवानच्या संशोधकांची नावे आघाडीला असतात. एका निवडसमितीने याच रकान्यात शून्य आहे म्हणून माझ्या ओळखीच्या एका गुणी मुलीचा अर्ज बाजूला ठेवला, याचे मला आजही वाईट वाटते.

एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ साली सुचवला: किमान ‘एच’ इतकी उद्धरणे प्रत्येकी मिळालेले ‘एच’ निबंध. मोठ्या प्रयोगात तो बहुतांशी गटाचाच निर्देशांक असतो आणि एकाच काळात आलेल्या सहकाऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. सैद्धांतिक संशोधक दोघातिघांत लिहितात. त्यांचा ३० हा आकडा प्रयोगवाल्यांच्या १५० शी ताडून पाहणे अन्यायाचे आहे. शिवाय उद्धरणांना वेळ लागतो. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांच्या १९६७ च्या तीन पानी निबंधाकडे सुरुवातीची काही वर्षे जवळपास कोणी फिरकले नाही. १९७१ मध्ये ’ट हूफ्ट यांचे असे सिद्धांत गणिती दृष्टीने टिकतात हे दाखवणारे काम आले आणि मग उद्धरणांची रीघ लागली.

आता पाहायचे कसे? इन्स्पायर या कणभौतिकीच्या निबंधसूचीच्या संकेतस्थळावर संशोधकाचे पान उघडून दहा किंवा त्याहून कमी लेखकांचे निबंध वेगळे काढा आणि स्वतःचीच उद्धरणे वगळण्याची सोय वापरा. उरलेली यादी लहान असेल, पण तिच्यात माणूस दिसेल. नाव नीट जुळते का हेही बघा: आपल्याकडे देवनागरीत एकच असलेले ‘कामत’ रोमन लिपीत कुठे पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, कुठे इंग्रजी, आणि आद्याक्षर सारखे असलेले नाईक तर गावोगावी. प्राध्यापकांचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असेल तर हा गोंधळ टळतो.

खरी माहिती मात्र गटाच्या अंतर्गत टिपणांत असते, कारण तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचीच नावे असतात. ती बाहेरच्यांना सहसा मिळत नाहीत, तेव्हा प्राध्यापकांनाच नम्रपणे विचारा: गेल्या पाच वर्षांतली कोणती विश्लेषणे तुमची, परिषदांत गटाच्या वतीने तुम्ही काय मांडले, शोधकयंत्राच्या कोणत्या भागाची जबाबदारी तुमच्याकडे होती? त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मागून घ्या आणि ऋणनिर्देशाचे पान आधी वाचा. मार्गदर्शक विद्यार्थ्याला किती वेळ देतात, ते तिथे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेले असते.